खिडकीजवळची जोडणी

औटी साहेबांना कुजबुजता येत नसे. लहानपणी तापात त्यांचा डावा कान गेला होता आणि त्यामुळे आपला आवाज किती मोठा निघतो याचा त्यांना अंदाज नव्हता, असं कारखान्यात सगळे म्हणत. मीही बरेच दिवस तसंच समजत होते. पुढे पुढे मला शंका येऊ लागली, की अंदाज होता.

त्यांची माझी पहिली भेट मुलाखतीची. राहुरीजवळच्या एका साखर कारखान्यात नवा कॉम्प्युटर येणार होता आणि त्यासाठी गणित झालेली माणसं हवी होती. वडिलांबरोबर नगरहून एस.टी.नं मी आले. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. मराठी घरात बोलायची, तेही हळू. मी टेबलासमोर बसले आणि साहेबांनी माझा अर्ज हातात घेऊन पहिल्या ओळीपासून खणखणीत वाचायला सुरुवात केली. नाव, वडिलांचं नाव, पत्ता, गुण, सगळं. बाहेरच्या बाकावर वडील होते, शिपाई होता, आणखी दोन उमेदवार होते. वाचन संपेपर्यंत त्या सगळ्यांना माझे गुण कळले असणार. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"कॉम्प्युटर पाहिलाय का कधी?" त्यांनी विचारलं.

"नो, सर."

"काय?"

"नो, सर."

त्यांनी खुर्ची फिरवून उजवा कान माझ्याकडे केला. "मिस साळवे, मी या बाजूला राहतो. इकडं बोला. मोठ्यानं."

"नाही पाहिला!" माझा आवाज मलाच परका वाटला.

"आम्हीही नाही पाहिला," ते एकदम खूश होऊन म्हणाले. "सोमवारपासून या."

ते पंचेचाळिशीचे असतील. उंच, सावळे, पांढरा बुशशर्ट, खिशाला शाईचा डाग. घर शेतकऱ्याचं, देवळाली प्रवऱ्याचं. पुण्याला संख्याशास्त्र शिकले, तिथंच काही वर्षं सरकारी नोकरी केली आणि मग गावाकडे परत आले. शेती थोरले भाऊ काशिनाथदादा बघत. दादांच्या घरून आठवड्यातून दोनतीनदा उसाच्या गाडीवानाबरोबर साहेबांसाठी फडक्यात बांधलेली भाकरी येई. वर ठेचा, कधी मेथी. साहेब ते फडकं टेबलावर सोडत आणि अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढे धरत. "खा, मिस साळवे. इंग्लिश शाळेत भाकरी शिकवत नाहीत."

टेबलाच्या खणात भाजलेल्या शेंगा असत. विचार करायचा असला की ते शेंगा फोडत. साधा प्रश्न असला तर एकदोन. फोलपटांचा ढीग झाला की आम्ही ओळखायचं, आज साहेबांना काहीतरी मोठं पडलंय.

आणि वाचायचं ते मोठ्यानं. मुख्य ऑफिसातून आलेलं पत्र, रजेचा अर्ज, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, काहीही. एकदा कुणीतरी त्यांना निनावी पत्र पाठवलं, त्यात त्यांनाच शिव्या होत्या. साहेबांनी तेही पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांसमोर वाचलं, मध्ये एका शब्दाला अडखळले, "अक्षर वाईट आहे" म्हणाले, आणि पुढे गेले. लोक पाठीमागे त्यांना 'भोंगा' म्हणत. कारखान्याचा भोंगा दिवसातून ठरावीक वेळा होई. साहेबांना वेळ नव्हती.

मी तेव्हा फार कमी बोलत असे. त्यामुळे बघायला वेळ मिळे.

साखर कारखान्याच्या गावात वाढलेल्याला सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. ऊस पिकला की वेळेत तुटावा लागतो. नंतर तो उभ्या उभ्या वाळतो आणि वजन घटतं. कारखाना एका दिवसात गाळून गाळून किती गाळणार? म्हणून आधी कुणाचा तुटणार आणि नंतर कुणाचा, ही पाळी म्हणजे सगळं काही. नियम सोपा होता. ज्याची लागण, म्हणजे लागवड, आधी, त्याची तोडणी आधी. पण कुणाच्या शेतात तोडणीवाल्यांची टोळी आधी उतरायची, हे प्रत्यक्षात ठरे ओळखीवर. नियमाला एक अपवाद होता. ज्याच्या विहिरीचं पाणी तुटलं त्याचा ऊस पाहणी करून पाळीच्या आधी तोडायचा. हा अपवाद चांगल्यासाठी केला होता. आत घुसणारे सगळे त्याच दारानं घुसत.

त्या वर्षी तर हा प्रश्न जिवाचा होता. दुष्काळ नुकताच सरला होता, पण विहिरींचं पाणी अजून वर आलं नव्हतं. ज्यानं त्यानं कसाबसा ऊस जगवला होता. पाळी चुकली तर वर्षभर जगवलेलं डोळ्यांदेखत जाणार. कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं ते मुख्यतः ही पाळी लावण्यासाठी.

मशीन येण्याआधी आम्ही लागणीच्या तारखा नव्यानं गोळा केल्या. घोडेगावच्या बाजूचे एक म्हातारे बाबा माझ्यापुढे आले. तारीख विचारली तर म्हणाले, "घोडेगावच्या बाजारातून बैल आनला न्हवं का, त्याच्या दुसऱ्या दिशी लागन केली."

मी 'माहीत नाही' असं लिहिलं. साहेबांनी ते वाचलं, अर्थात मोठ्यानं, आणि बाबांना हाक मारली.

"बाबा, बैल कसला?"

"खिल्लार. येका शिंगाला मोडका. म्हनून सवस्तात गावला."

"आणायला चालत गेलात?"

"मंग! आन् येताना पान्यानं गाठलं. दसऱ्याला चार दिस हुते, घरची म्हनली, आता कशाला बैल."

साहेबांनी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडराची पानं उलटली, दसऱ्याच्या आधीचा बाजारवार शोधला, एक दिवस पुढे सरकले आणि तारीख लिहिली. बाबा गेल्यावर मला म्हणाले, "मिस साळवे, त्यांना माहीत होतं. आपण विचारलं नव्हतं."

मग मशीन आलं. कपाटाएवढं, राखाडी. त्याच्यासाठी वातानुकूलित खोली बांधली होती, वजनकाट्याच्या शेजारी. सगळ्या कारखान्यात तेवढी एकच थंड खोली, त्यामुळे संचालकांचे पाहुणेसुद्धा मशीन बघायला येत आणि मशीनकडे पाठ करून गार हवेत उभे राहत.

ते बसवायला मुंबईच्या कंपनीतून प्रधान नावाचे इंजिनियर आले. तरुण, नीटनेटके, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कन्सोल कुठे देऊ?"

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

"मशीनशी बोलायची जागा. तुम्ही जे टाइप कराल ते मशीनला कळणार, त्याचं उत्तर तिथेच येणार. कोणाला पुढे घ्यायचं, कोणाला मागे टाकायचं, हा बदल फक्त तिथूनच होतो. मशीनला कन्सोल एकच."

"एकच?"

"एकच. म्हणून नीट ठरवा." प्रधानांनी बोटांवर सांगितलं. "साधा टेलिप्रिंटर देतो, पोस्टात असतो तसा. आखूड केबल, सरळ मशीनला जोडलेला. आवाज फार करतो आणि सगळं कागदावर छापतो. दुसरं, तोच टेलिप्रिंटर लांब नेता येईल. खांबांवरून दोन तारा ओढायच्या, की मुख्य ऑफिसात बसूनसुद्धा मशीन चालवता येतं. एम.डी. साहेबांचा तसाच विचार आहे असं ऐकलं. आणि थोडं थांबलात तर पडदा येईल. टेलिव्हिजनसारखा. अक्षरं दिसतात आणि पुसली जातात. कागद नाही, आवाज नाही. अगदी शांत."

"अगदी शांत," साहेबांनी पुन्हा म्हटलं आणि खण उघडून शेंगा काढल्या.

त्या दिवशी फोलपटांचा मोठा ढीग झाला.

एम.डी. म्हणजे कारखान्याचे कार्यकारी संचालक. त्यांना कन्सोल आपल्या खोलीत हवं होतं, आणि त्यात गैर काय हेही मला कळत नव्हतं. सर्वांत मोठ्या साहेबांकडे सर्वांत महत्त्वाची वस्तू असायचीच. आधी चाचणी घ्या, असा त्यांचा निरोप आला. मशीनच्या खोलीपासून मुख्य ऑफिसापर्यंत, मधल्या अंगणातल्या बैलगाड्यांवरून, बांबूच्या आधारानं दोन तारा गेल्या. टेलिप्रिंटर एम.डी. साहेबांच्या दाराशी नेऊन ठेवला आणि टाइप करायला मला बसवलं.

साहेबांना ही तार नको आहे, एवढं मला समजलं होतं. म्हणून ती चालू नये असं मला मनातून वाटत होतं. उसाच्या चरकांच्या मोठ्या मोटारी सुरू झाल्या की तारेत बिघाड येईल, अक्षरं वेडीवाकडी उमटतील, असं वायरमन म्हणालाही होता. भोंगा झाला, चरक फिरू लागले, जमीन थरथरली. मी टाइप करत होते, मशीन उत्तर देत होतं. एक अक्षर चुकलं नाही.

संध्याकाळी अंगणात प्रधान साहेबांच्या जवळ आले. चार दिवसांत त्यांना साहेब आवडू लागले होते. हळूच म्हणाले, "औटी साहेब, हवं तर रिपोर्टमध्ये लिहितो, चरक चालू असताना लाइनीत गडबड येते. कोण तपासणार आहे?"

ते बोलले होते डाव्या बाजूनं. साहेबांनी वळून उजवा कान पुढे केला, ते पुन्हा ऐकून घेतलं आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "लाइनीत गडबड येते असं लिहायचं म्हणता?"

गाडीवान बघू लागले. काट्यावरचा कारकून बाहेर आला. प्रधान कानापर्यंत लाल झाले.

"आली का गडबड?"

"नाही आली."

"मग नाही आली असं लिहा. पोरगं चांगलं आहे हो," ते माझ्याकडे वळून, तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले. "फक्त हळू बोलतं."

दुसऱ्या दिवशी एम.डी. साहेबांच्या खोलीत बैठक झाली. मी कोपऱ्यात टिपण घ्यायला होते. एम.डी. वाईट माणूस नव्हते. मला त्यांचा स्वभाव मऊ वाटे. येणाऱ्या प्रत्येकाला ते बसवत, चहा पाजत.

"लाइन चालते म्हणतात," ते म्हणाले. "मग तुमची अडचण काय?"

"अडचण काही नाही. लाइन चांगली आहे. मला ती नको आहे."

"कुठे हवं कन्सोल?"

"काट्याकडच्या खिडकीत. टेलिप्रिंटर, आखूड केबलचा. खडखड करणारा."

"औटी, माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"तुमच्यावर आहे. तुमच्या दारावर नाही. ते बंद होतं."

मी लिहायची थांबले. खिडकीबाहेर माळी पाणी घालत होता, तोही थांबला.

साहेब पुढे म्हणाले, "इथं लोक येतात, चहा पितात, घरचं सांगतात. तुम्हाला 'नाही' म्हणणं जड जातं. मलाही जातं, मी काही वेगळा नाही. माझं अर्धं गाव सभासद आहे. बंद खोलीत माझ्यापुढं ते मशीन ठेवलं तर महिन्याभरात मी चार नावं पुढं घेईन. खिडकीत शंभर माणसं ऐकत असली की 'नाही' म्हणायला मला बळ येईल. मशीनशी बोलायचं ना? मोठ्यानं बोलू."

एम.डी. साहेब हसले. रागावतील असं वाटलं होतं. "एक हंगाम," ते म्हणाले. "एक हंगाम करून बघा तुमच्या पद्धतीनं."

अशी ती जोडणी झाली. खिडकीला लागून टेलिप्रिंटर, त्याच्यापुढे मी, माझ्या बाजूला उभे साहेब, आणि गजांपलीकडे अंगण. बैल, गाड्या, उसाचं पाचट आणि माणसं.

साहेबांनी एकच रीत घालून दिली. पाळीत काहीही बदल करायचा असेल तर तो आधी खिडकीतून मोठ्यानं वाचायचा. कुणाचा, कशासाठी. मग विचारायचं, "कुणाची हरकत?" हरकत नसेल तरच मी बोटं चालवायची. हरकत निघाली तर शेतकी अधिकाऱ्यानं पुन्हा जाऊन पाहणी करायची.

पहिले काही दिवस लोकांना ती करमणूक होती. "सायेब, माज्या पोराचं लगीन कवा व्हनार, इचारा की मशीनला!"

"त्याची नोंद केलीय का कुठं?" साहेब विचारत.

"न्हाई वो, पोरगी कुनी देईना."

"मग आधी लागण कर, पाळीचं नंतर बघू." अंगण हसे. बैलसुद्धा माना हलवत, असं वाटे.

पण हळूहळू लोक नुसतं ऐकायला थांबू लागले. टेलिप्रिंटरचा खडखडाट सुरू झाला की तंबाखू मळणारे हात थांबत. खडखडाट संपला की साहेबांचा आवाज. काही बदल होत, काही परत जात. एका संचालकांच्या मेव्हण्यांचं नाव वाचलं गेलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "त्यांच्या इहिरीत काल म्हशी पोहत हुत्या," आणि मेव्हण्यांनीच अर्ज मागे घेतला.

मला ही व्यवस्था सोयीची होती. बोलायचं साहेबांनी. मी खाली मान घालून अक्षरं दाबायची. त्या खिडकीत बसून मी कुणालाच दिसत नाही असं मला वाटत असे.

हंगाम अर्ध्यावर आला आणि एका सकाळी आलेले अर्ज चाळताना साहेबांचं वाचन मध्येच थांबलं. एरवी ते कधी थांबत नसत. त्यांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. काशिनाथ औटी, देवळाली प्रवरा. विहिरीचं पाणी तुटलं आहे, ऊस वाळतो आहे, पाळीच्या आधी तोड मिळावी. शेतकी अधिकाऱ्याची पाहणी झालेली, सही झालेली. सगळं नियमात.

"हे मी वाचणार नाही," साहेब म्हणाले. "माझ्या तोंडून माझ्या भावाचं नाव आलं तर कुणी हरकत घेणार नाही. भिडेनं गप्प बसतील. तुम्ही वाचा."

"मी?"

"उभ्या राहून."

मी उभी राहिले. गजांपलीकडे काशिनाथदादा होतेच, साहेबांसारखेच उंच, डोक्याला मुंडासं. आदल्या आठवड्यात मी त्यांच्या घरची भाकरी खाल्ली होती. मी वाचलं.

"काय म्हन्ती बाई? ऐकू येईना!" कुणीतरी ओरडलं.

साहेब खुर्चीत बसले होते, उजवा कान माझ्याकडे करून, डोळे जमिनीवर. मी पुन्हा वाचलं. नाव, गाव, कारण. या वेळी माझा आवाज अंगण ओलांडून समोरच्या भिंतीवर आपटून परत आलेला मला ऐकू आला. "कुणाची हरकत?"

पुढच्या रांगेतून एक बाई उठली. सखूबाई, त्याच शिवारातली, नवरा वारल्यापासून एकटी शेती करणारी. तिची पाळी दादांच्या जरा आधीची होती, आणि या बदलानं ती मागे पडत होती.

"माजी हाय," ती म्हणाली. "त्यांच्या इहिरीला पानी न्हाई म्हन्ता. मंग माज्या इहिरीत काय दूध हाय व्हय?"

लोक हसले. दादा हसले नाहीत. "सखू, तू अर्ज केलास का?"

"कुनाकडं करू? अर्ज करनाऱ्याचा भाऊ खिडकीत पायजे असं मला वाटलं."

आता कुणीच हसलं नाही. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी खाली बसले आणि काहीही टाइप केलं नाही.

रीतीप्रमाणे पुन्हा पाहणी झाली, दोन्ही विहिरींची. त्यात दिवस गेले. सखूबाईची विहीर दादांच्याही आधीपासून कोरडी निघाली. आधी तिचा ऊस तुटला, मग दादांचा. तोवर दादांच्या उसाची बांधाकडची बाजू वाळून चिपाड झाली होती. शेवटची गाडी काट्यावर आली त्या दिवशी दादा खिडकीपाशी आले. आवाज चढवला नाही.

"भाऊ खिडकीत बसलाय म्हनून गावात मिरवत हुतो मी. कुनाचं घेऊ नको म्हनलं तर ठीक हाय. पर माजं खरं हुतं की रे. खरं असून थांबवलंस."

"दादा," साहेब म्हणाले.

तेवढा एकच शब्द मी त्यांच्या तोंडून हळू आलेला ऐकला. शेजारी बसले होते म्हणून मला ऐकू आला. दादांना आला नसावा. ते म्हणाले, "तुजं मशीन तुला लखलाभ," आणि गाडीच्या मागे चालत गेले.

त्यानंतर फडक्यातली भाकरी बंद झाली. गाडीवान येत, रिकाम्या हातांनी, आणि साहेबांची नजर चुकवत. दुपारी साहेब खण उघडून शेंगा खात. कुणी विचारलं तर "आज भूक नाही" असं सगळ्या ऑफिसला सांगत. मी रोज नगरहून येताना आईला सांगून जास्तीची भाकरी आणू लागले. पहिल्या दिवशी डबा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी उघडून बघितला. "अरे वा," ते म्हणाले. "शिकवतात वाटतं." मग बरंच खाल्लं.

त्यांनी सखूबाईबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही, दादांबद्दलही नाही. एकदाच, मशीन बंद करताना, म्हणाले, "दादाचं खरं होतं." मग थोड्या वेळानं, "तिचंही होतं." दिवे घालवले आणि निघाले.

हंगाम संपला. एम.डी. साहेबांनी शब्द पाळला, म्हणजे एक हंगाम वाट पाहिली. पुढच्या हंगामाआधी पक्के लोखंडी खांब आले, दोन तारा अंगणावरून गेल्या आणि टेलिप्रिंटर त्यांच्या खोलीत गेला. खिडकीत त्याच्या पायांचे चार डाग राहिले. साहेबांनी भांडण केलं नाही. त्यांच्याकडे आता राहिला तो मशीनच्या खोलीतला, नुसत्या याद्या छापणारा मोठा यंत्रसंच. रोज सकाळी त्या दिवसाची पाळी छापून बाहेर येई आणि ती काट्यावर द्यायची, एवढंच काम. कुठलं नाव कुणी, कधी, का हलवलं हे साहेबांना कळण्याचं कारण नव्हतं. मुख्य ऑफिसाचं दार बंद असे.

मला तोवर पुण्यात नोकरी मिळाली होती आणि इथलं काम मी सोडलं होतं. हंगाम सुरू झाला त्याच आठवड्यात मी निरोप घ्यायला गेले.

"पुण्यात मोठ्यानं बोला," साहेब म्हणाले. "तिथं सगळेच बोलत असतात. ऐकायला कुणी मोकळं नसतं, तरी बोला." मग घड्याळाकडे बघून उठले. "थांबा दोन मिनिटं. वाचायची वेळ झाली."

"काय वाचायची?"

त्यांनी नुकताच छापून आलेला लांब कागद उचलला, दुसऱ्या हातात कालचा घेतला, आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. अंगण भरलेलं होतं. मागच्या हंगामापेक्षा जास्त माणसं. तंबाखू मळणारे हात थांबले.

साहेबांनी एकेक नाव वाचायला सुरुवात केली. काल या नंबरला, आज त्याच नंबरला. काल, आज. काल, आज. सूर अगदी सपाट, शाळेतल्या हजेरीसारखा. मग एका नावाशी आले.

"काल पुष्कळ मागं होते. आज तिसरे आहेत. कारण मला माहीत नाही."

आणि पुढचं नाव.

"आरं, ऐकू न्हाई आलं!" अंगणाच्या मागच्या टोकाकडून आवाज आला. "परत वाच!"

तो आवाज ऐकू न येणाऱ्या माणसाचा नव्हता. साहेबांनी चष्मा वर केला. गाड्यांच्या पलीकडे काशिनाथदादा उभे होते, डोक्याला मुंडासं, काखेत फडक्याचं गाठोडं.

साहेब क्षणभर बघत राहिले. घसा खाकरला. मग त्यांच्या आवाजात जेवढं होतं तेवढं सगळं लावून त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, आणि लोकांच्या माना एकेक करून मुख्य ऑफिसाच्या खिडकीकडे वळू लागल्या. कुणी ओरडलं नाही. नुसते बघत होते. तिथला पडदा जरासा हलला.

माझी एस.टी. फाटकाबाहेर लागली होती. साहेब वाचत होते, म्हणून मी लांबूनच हात केला. त्यांनी कागद धरलेला हात तसाच थोडा वर उचलला. मी गाडीत खिडकीशी बसले. चालकानं इंजिन सुरू केलं, गाडी थरथरू लागली, तरी भिंतीपलीकडून ते ऐकू येत होतं.

"कारण मला माहीत नाही."